नामदेवरायांच्या घरचा टाळ

आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होतो, पालख्या परतीच्या वाटेला लागतात, आणि चार दिवसांपूर्वी जेथे पाऊल ठेवायला जागा नव्हती ते वाळवंट मोकळे पडते. यात्रेकरू घरी पोचून पेरणीच्या मागे लागतो. पण पंढरीची आषाढी तेवढ्याने संपत नाही. मागाहून वद्य त्रयोदशी येते. त्या दिवशी महाद्वारातल्या पायरीशी टाळमृदंगाचा गजर होतो, फुले वाहिली जातात, आणि श्रीनामदेवरायांच्या समाधीचा उत्सव होतो. गर्दीत सापडून ज्यांना आषाढीला पायरीचे धड दर्शनही झाले नाही, त्यांनी एकदा तरी या त्रयोदशीला यावे. पायरीवर एकटे नामदेवराय नाहीत, त्यांचे सगळे घर तेथे आहे. आज जे लिहायचे ते त्या घराविषयी.

नामदेवरायांचे चरित्र वारकऱ्याला नवे नाही. शके ११९२, म्हणजे सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशीचा जन्म. घराणे मूळचे नरसी-बामणीचे, आजच्या हिंगोली जिल्ह्यातले. वडील दामाशेटी, आई गोणाई. धंदा शिंप्याचा, कापड विकावे, कपडे शिवावेत, आणि पंढरीची वारी करावी. देवाने नैवेद्याचे दूध प्यावे म्हणून पायरीशी डोके आपटायला निघालेले लहान पोर आपल्याला ठाऊक आहे. त्या कथेवर किती कीर्तने झाली असतील त्याची गणती नाही. पण महिपतीबुवा ताहराबादकरांनी सन १७६२ मध्ये पुऱ्या केलेल्या भक्तविजयात दुसरी एक कथा आहे, ती मला जास्त जवळची वाटते. दामाशेटींनी मुलाला कापडाचे गाठोडे देऊन बाजारात पाठविले. मुलगा बाजारात बसला खरा, पण गिऱ्हाइकाकडे लक्ष नाही, तोंडात नाम. शेवटी कापड विकायचे म्हणून तो उठला. रानातले धोंडे उघडे पडले होते, त्यांच्या अंगावर त्याने कापड घातले. उधारीच राहिली, म्हणून एका धोंड्याला जामीन धरला आणि घरी आला. पैसे आले नाहीत तेव्हा जामीन उचलून आणून घरात कोंडला. तो धोंडा पुढे सोन्याचा झाला, असा कथेचा शेवट आहे. आम्ही कीर्तनकार त्या सोन्यापाशी थांबून गजर करतो. परंतु दामाशेटींकडे पाहा. वृद्ध होत चाललेला बाप, एकुलता एक मुलगा, आणि तो धोंड्यांना उधारीवर कापड देऊन आलेला. त्या बापाची ती रात्र कशी गेली असेल?

या मुलाचे लग्न झाले. बायको राजाई. चार मुलगे झाले, नारा, विठा, गोंदा आणि महादा. चार सुना आल्या, लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई. मुलगी लिंबाई, बहीण आऊबाई. आईबाप आणि स्वतः नामदेवराय धरून हे चौदा. पंधरावी जनाबाई. तिचा दामाशेटींच्या घरी लहानपणीच सांभाळ झाला, आणि आपल्या अभंगातून ती आजही स्वतःला नामयाची म्हणवते. असे हे पंधरा माणसांचे घर. एक सुई, एक कात्री, आणि ती चालविणारा हात तर टाळ धरून वाळवंटात उभा.

राजाईमातेविषयी आता स्पष्ट लिहितो. आमच्या कीर्तनात राजाई ही हशा पिकविण्याची जागा होऊन बसली आहे. तुकोबारायांच्या चरित्रात जिजाई आणि नामदेवरायांच्या चरित्रात राजाई. बुवा पदर डोक्यावर घेतल्यासारखे करतात, आवाज बारीक काढतात, पिठाचा डबा रिकामा झाल्याचे रडगाणे गातात, मंडप हसतो. मीही हे पुष्कळ वर्षे केले. मला ते चांगले साधतही असे. एका सप्ताहात असेच राजाईचे सोंग आणून मी घरी आलो. पानावर बसलो. आमच्या सौभाग्यवतीने ते कीर्तन ऐकले होते. ती एवढेच म्हणाली की मंडप हसला ते ठीक झाले, पण तुमच्या अंगावरचे धोतर आज कोणी धुऊन घडी घालून दिले, तेही मंडपाला सांगायला हवे होते. पुढे काही बोलली नाही, भात वाढला. त्या दिवसापासून राजाईचे सोंग मी सोडले, आणि नामदेवगाथा पुन्हा पहिल्यापासून वाचावयास घेतली. लहानपणी शास्त्र्यांकडे वाक्य सोडवायला शिकलो होतो, कर्ता कोण, कर्म कोणते. येथे तोच प्रश्न पडला. या घराचा कर्ता कोण?

गाथेत राजाईचे अभंग आहेत. ते रखुमाईशी बोललेले आहेत. तक्रार देवाकडे नाही, देवाच्या बायकोकडे आहे. बाईचे दुःख बाईने ऐकावे असा त्यातला भाव. घरात चौदा माणसे, अन्नासाठी दारोदार हिंडायची वेळ, अंगावर धड वस्त्र नाही, आणि नवऱ्याला तुझ्या नवऱ्याने वेड लावले, तेव्हा तूच त्याला चार गोष्टी सांग, असे तिचे म्हणणे. गोणाईचेही अभंग आहेत. ती तर सरळ राउळात जाऊन विठोबाशी भांडते. नवसाने मिळालेला मुलगा तू आपल्यापाशी ओढून घेतलास, तो मला परत दे, असा तिचा हट्ट.

मला आश्चर्य वाटते ते याचे. कोणत्या घरात बायकोची गाऱ्हाणी जपून ठेवतात? पुरुषाचे मोठेपण सांगायचे तर अशा गोष्टी झाकल्या जातात. येथे त्या झाकल्या नाहीत, त्यांचे अभंग झाले. ज्या टाळावर नामदेवरायांचे नामसंकीर्तन चालले त्याच टाळावर राजाईचे गाऱ्हाणेही गायले गेले. म्हणजे त्या घरात राजाईला बोलायला मोकळीक होती, आणि तिचे बोलणे गाण्यालायक समजले जात होते. नामदेवरायांना प्रपंचाची फिकीर नव्हती असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कमाईच्या बाबतीत ते कमी पडले, यात शंका नाही. पण घरातल्या माणसाचे ऐकण्यात ते कमी पडले नाहीत.

दारिद्र्याच्या दोन कथा प्रसिद्ध आहेत, त्या थोडक्यात सांगतो. एकदा नामदेवराय घरी नसता पांडुरंग केशवशेट सावकार होऊन आले आणि मोहरांची गोणी राजाईच्या पुढ्यात टाकून गेले. घरात सणासारखी धांदल उडाली. नामदेवराय आले, त्यांनी ओळखले की देवाला आपल्यामुळे ओझे वाहावे लागले, आणि ते सगळे धन ब्राह्मणांना वाटून टाकले. दुसरी कथा परिसा भागवताची. परिसा भागवताकडे खरोखरीचा परीस होता. त्याची बायको कमळजा ही राजाईची मैत्रीण. तिने राजाईची दशा पाहून परीस तात्पुरता हाती दिला. राजाईने लोखंडाचे सोने केले, बाजारातून शिधा आणला, आणि पुष्कळ दिवसांनी मुलांना पोटभर जेवण केले. नामदेवरायांनी विचारले, तिने खरे ते सांगितले. त्यांनी परीस मागून घेतला आणि चंद्रभागेत टाकून दिला. मग गावभर आरडाओरडा झाला, परिसा भागवत धावत आला, लोक जमले. नामदेवरायांनी नदीत हात घालून ओंजळभर खडे काढले, ते सगळेच परीस निघाले! परिसा भागवत पुढे नामदेवरायांचा शिष्य झाला.

कथा मोठी रसाळ आहे, पण कमळजेने मैत्रिणीसाठी जे केले ते मला विसरता येत नाही. नवऱ्याला न विचारता तिने घरातली सर्वांत मोलाची वस्तू पदराआड घालून दिली. राजाईने तरी काय केले, दागिना घडविला नाही, मुलांना जेवू घातले. कीर्तनात परीस नदीत पडला की टाळ्या पडतात. मी अलीकडे तेथे क्षणभर थांबतो, त्या ताटांची आठवण देतो आणि मग पुढे जातो.

आता वाद्याविषयी. आपल्या संप्रदायात वीणा हे आसन आहे. ज्याच्या गळ्यात वीणा तो त्या वेळी वंदनीय, मग तो वयाने सोळा वर्षांचा का असेना. नामदेवरायांची मूर्ती किंवा चित्र काढणारा हातात वीणा आणि टाळ दिल्यावाचून राहत नाही. ही काही केवळ चित्रकाराची सोय नाही. नामदेवरायांना वाजविण्याची आणि गाण्याची मनस्वी आवड होती, हे गाथेच्या पानापानावर दिसते. नवविधा भक्तीत श्रवणाच्या पाठोपाठ कीर्तन सांगितले आहे. पण शास्त्रात सांगितलेले कीर्तन वाळवंटात आणून, अठरापगड जातीच्या माणसांच्या हातात टाळ देऊन ते उभे करणे हे वेगळे काम. ते नामदेवरायांनी केले. म्हणून आपण त्यांना आद्य कीर्तनकार म्हणतो. त्यांच्या कीर्तनात पांडुरंग स्वतः नाचतो, नाचता नाचता देवाला पीतांबराचेही भान राहत नाही, असे वर्णन परंपरेने केले आहे.

अभंगाची घडण पाहिली म्हणजे हे काम किती शहाणपणाचे ते कळते. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिले तीन सहा सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे. एकूण बावीस अक्षरे. संस्कृत वृत्ते मी वर्षानुवर्षे घोकली, गण पाडले, लघुगुरू मोजले. तेथे एक अक्षर इकडचे तिकडे झाले की शास्त्रीबुवांची छडी. अभंगात लघुगुरूची सक्ती नाही, अक्षर ओढता येते, आखडता येते. आणि चौथ्या चरणात जी दोन अक्षरांची जागा मोकळी राहते ती टाळकऱ्याची! तेथे टाळ घुमतो, मृदंगावर थाप पडते, गाणारा श्वास घेतो आणि पाठीमागचे शंभर जण धृपद उचलतात. निरक्षर माणसाला एकदा ऐकून पाठ होईल आणि हाताला काम मिळेल अशी ही रचना. ज्याने आयुष्यभर कापड बेतले त्याला कुठे कसर सोडायची हे माहीत असणारच.

हेच संगीत त्यांनी घरातही आणले. शतकोटी अभंग करण्याचा नामदेवरायांचा पण प्रसिद्ध आहे. उरलेली संख्या पुरी करण्याची आज्ञा पुढे तुकोबारायांना स्वप्नात झाली, ती नामदेवराय आणि पांडुरंग यांच्याकडूनच. त्या पणात घरच्या प्रत्येकाने आपला वाटा उचलला. आईने, बायकोने, मुलांनी, सुनांनी, दळणकांडण करणाऱ्या जनाबाईने. नामदेवरायांच्या सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने सन १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाने जी गाथा छापली तीत या घरच्या माणसांचे अभंग आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या एका शिंप्याच्या घरातील सासू, सून, नणंद, मोलकरीण या सगळ्यांच्या नावावर कविता आहे. असे दुसरे घर दाखवा! राजवाड्यातही सापडायचे नाही. शतकोटीचा आकडा बुद्धीला पटो न पटो, पण त्या घरात रोज संध्याकाळी काय चालत असेल याची कल्पना येते. जात्यावर एक ओवी, चुलीपाशी एक, शिवणाच्या पाटावर एक, आणि मधोमध टाळ.

गोरोबाकाकांच्या घरी तेरला संतांची परीक्षा झाली, थापटण्याने सगळ्यांची डोकी वाजवून पाहिली, आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा सर्वांना पाठ आहे. त्यानंतर औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांची भेट, पिंडीवर पाय, आणि सर्वत्र देव आहे हा बोध. त्याच औंढ्यात पुढे कीर्तन चालले असता पुजाऱ्यांनी जातीवरून त्यांना समोरून उठविले. नामदेवराय देवळाच्या मागे जाऊन उभे राहिले, टाळ चालूच ठेवला, आणि देऊळ फिरले. हा अपमान त्यांनी आपल्या हिंदी पदातही सांगितला आहे. देवळात हसत खेळत गेलो, भक्ती करीत असता धरून उठविले, असा त्यातला आशय. हाताला धरून उठविले तरी ज्याने टाळ खाली ठेवला नाही, त्याच्या पाठीमागे उभे राहून आपण आज टाळ वाजवितो, एवढे लक्षात असू द्यावे.

ज्ञानोबाराय त्यांना तीर्थयात्रेला बोलवायला पंढरीस आले तेव्हा नामदेवराय निघायला राजी नव्हते. पंढरी सोडवेना. देवानेच त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हातात दिला, असे तीर्थावळीत वर्णन आहे. यात्रेत त्यांचा जीव सारखा मागे ओढत होता. मावंद्यासाठी पंढरीला परत आले तेव्हा कोठे शांत झाले. घराची ओढ असलेला हा भक्त आहे. मग ते घर विठोबाचे म्हणा की राजाईचे. दोन्ही एकाच गावात होती.

आणि मग आळंदी. शके १२१८, सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. ज्ञानोबारायांच्या समाधीचा वृत्तान्त आपल्याला मिळाला तो नामदेवरायांमुळे. आदी, तीर्थावळी आणि समाधी ही तीन प्रकरणे त्यांनी रचली नसती तर माउलींचे चरित्र सांगायला आम्हा कीर्तनकारांजवळ काय होते? त्या समाधीच्या प्रकरणात एक गोष्ट येते. वाचताना ती सहज सुटून जाते. समाधीची जागा झाडून स्वच्छ करायची होती. त्या कामाला कोणाला पाठविले? नारा, विठा, गोंदा, महादा यांना. नामदेवराय तेव्हा सव्वीस वर्षांचे. म्हणजे ही पोरे अगदी लहान, हातातला झाडू त्यांच्याहून उंच असेल. सगळे संत रडत आहेत, निवृत्तिनाथांचा धीर सुटला आहे, आणि हा बाप आपल्या चिमुकल्या मुलांना त्या जागेवर नेतो आणि झाडायला लावतो. आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा शोकाचा दिवस त्याने मुलांना घरी ठेवून एकट्याने भोगला नाही. मी स्वतः आमच्या गुरूंच्या अंत्यसमयी मुलांना घरीच ठेवले होते, परीक्षा आहेत म्हणून. असो.

त्यानंतर नामदेवराय चौपन्न वर्षे राहिले. माउली गेल्यावर झेंडा घेऊन उत्तरेकडे निघाले, पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, तेथे गुरुद्वारा आहे, आणि तेथील लोक त्यांना बाबा नामदेवजी म्हणतात. सन २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन त्या गावी भरले तेव्हा इकडच्या पुष्कळ मंडळींना त्याचे दर्शन घडले. गुरू अर्जुनदेवांनी सन १६०४ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवरायांची एकसष्ट पदे आहेत, आणि ती रागांप्रमाणे लावलेली आहेत. सोरठ, आसा, रामकली, भैरव अशा अठरा रागांत ती पदे येतात. म्हणजे आमचे नामदेवराय तिकडेही गायिले जातात, आणि ते रोज, पहाटेपासून.

या पदांत घर किती येते पाहा. आसा रागातील पदात मनाचा गज आणि जिभेची कात्री करून ते यमाचा फास कापतात. शिंपी सुटलाच नाही! सोरठातील पदात शेजारीण विचारते की तुझे छप्पर शाकारणारा गडी कोण, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. आणि रामकलीतले पद तर मला फार आवडते. मुलगा पतंग उडवितो, मित्रांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीत. बाया पाण्याच्या घागरी घेऊन हसत खिदळत येतात, पण चित्त घागरीत. आई घरातली शंभर कामे करते, पण चित्त पाळण्यातल्या बाळात. देवाशी कसे लक्ष ठेवावे याचे हे दृष्टान्त आहेत. शेकडो कोस दूर, परमुलखात, परभाषेत पद रचताना या माणसाला आठवला तो पाळणा. पाळण्यावर लक्ष ठेवून कामे करणारी ती आई त्याने कोणाच्या घरात पाहिली होती? ज्या घरात तो टाळ घेऊन बसायचा त्याच घरात ना?

कबीरांच्या दोह्यांत त्रिलोचन आणि नामदेव यांचा संवाद आहे. त्रिलोचन म्हणतो, अरे नामा, तू कापड छापीत काय बसला आहेस, देवाकडे चित्त दे. नामदेव सांगतात की तोंडाने नाम घ्यावे, हातपायांनी काम करावे, चित्त निरंजनाशी ठेवावे. तिकडे त्यांना छिंबा म्हणतात, म्हणजे कापड छापणारा, रंगविणारा. तेव्हा परदेशातही त्यांनी हातातला धंदा सोडला नव्हता अशी तिकडच्या लोकांची समजूत आहे. बायकोच्या बोलण्याचा परिणाम झाला असावा, असे मी कीर्तनात म्हणतो. त्यावर बाया हसतात. हा हशा मला चालतो.

परत आल्यावरची एक गोष्ट. सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता कूस ढासळले आणि चोखोबाराय इतर मजुरांबरोबर त्याखाली सापडले. नामदेवराय तेथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून वेचल्या, पंढरीस आणल्या, आणि महाद्वारासमोर समाधी दिली. तेव्हा त्यांचे वय अडुसष्ट. त्या वयात दगडमातीच्या ढिगाऱ्यात वाकून अस्थी कानाशी लावणारे नामदेवराय डोळ्यांसमोर आणावेत. ज्याचा कान आयुष्यभर टाळाच्या नादाने तयार झाला त्यालाच हे ऐकू यावे. हे माझे मत, शास्त्र नव्हे.

शके १२७२, सन १३५०, आषाढ वद्य त्रयोदशी. वयाची ऐंशी वर्षे. महाद्वाराच्या पायरीशी नामदेवरायांनी देह ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून पायरी मागून घेतली. पंजाबातील भक्त त्यांचा अंतकाळ घुमानला मानतात. त्यांच्या भावाला मी दुखवू इच्छीत नाही, आपली परंपरा महाद्वाराची आहे. आणि त्या परंपरेप्रमाणे घरातली सगळी माणसे त्यांच्याबरोबर गेली. चिकित्सक मंडळी बोट ठेवतात की नामदेवराय ऐंशीचे, तर दामाशेटी-गोणाई शंभरीच्या पलीकडचे ठरतात. हिशेब बरोबर आहे. पण संप्रदायाने तो हिशेब कधी मांडला नाही. ज्या घराचा टाळ एकत्र वाजला त्याची पायरीही एकच, एवढेच मनात धरले. मला स्वतःला हा प्रसंग सांगणे फार जड जाते. तरुणपणी मी तेथे मोठा गजर करून निभावून नेत असे. आता आवाजच निघत नाही. म्हणून तेथे मृदंगवाल्याला हात बंद ठेवायला सांगतो आणि नुसत्या वीणेवर चौदा नावे घेतो. राजाईचे नाव नामदेवरायांच्या लगेच मागून घेतो.

सगळी म्हणालो, पण सगळी गेली नाहीत. थोरली सून लाडाई मागे राहिली. ती बाळंतपणासाठी माहेरी होती. गाथेत तिचाही अभंग आहे, आणि तो वाचवत नाही. सगळे घर पांडुरंगाच्या पायाशी गेले आणि मला एकटीलाच फसवून माहेरी धाडले, असे ते तिचे दुःख. सासूचे गाऱ्हाणे पोटाचे होते, सुनेचे गाऱ्हाणे हे. दोन्ही गाथेत शेजारी शेजारी आहेत.

लाडाईला मुलगा झाला, आणि त्याच्यापासून नामदेवरायांचा वंश पुढे चालला असे परंपरा सांगते. पंढरीत तो नामदास घराण्याच्या रूपाने आजही आहे. दर कार्तिकात नामदेवरायांची पालखी पंढरीहून पायी आळंदीला जाते. वद्य त्रयोदशीला माउलींच्या समाधीच्या वेळी जे कीर्तन होते ते नामदास महाराज मंडळींकडे असते. बुवा उभे राहतात, समाधीचे अभंग एकामागून एक येतात, घंटा वाजते, फुले पडतात, मंडपात एकाचाही डोळा कोरडा राहत नाही. त्या अभंगांत मध्येच ती चार पोरांची नावे येतात, जागा झाडायला धाडलेली. गाणारा त्यांच्याच घरातला, उभा त्याच जागेजवळ, आणि पाठीमागे टाळ चालू.